छाटणीआधी फोर बाय फोर तपासा: पुढची चाके ओढत नसतील तर दोष कुठे शोधायचा

ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली आहे. निफाड, दिंडोरीपासून तासगाव, पंढरपूरपर्यंत काळ्या जमिनीत द्राक्ष घेणाऱ्यांना या दिवसांत धास्ती असते ती परतीच्या पावसाची. पोंगा (नवी फूट) बाहेर आल्यापासून मणी धरेपर्यंतचा काळ डावणी या बुरशीजन्य रोगाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक. रात्री पाऊस झाला तर सकाळी ब्लोअर (ट्रॅक्टरमागचे फवारणी यंत्र) बागेत गेलाच पाहिजे, आणि वाफसा नसलेल्या ओळीतून तो ओढून नेणे छोट्या ट्रॅक्टरला पुढच्या चाकांच्या साथीशिवाय जमत नाही. तो जोर ऐन वेळी मिळाला नाही तर फवारणी लांबते आणि त्याची किंमत घडांना मोजावी लागते. म्हणून फोर बाय फोर, म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनचा जोर देणारी सोय, आत्ताच, ट्रॅक्टर अंगणात उभा असताना तपासून घ्या. भातपट्ट्यातल्या ज्यांची चिखलणी जुलैत या ट्रॅक्टरने झाली, त्यांनीही हे काम आताच उरकावे. चिखलात शिरलेले पाणी हबमध्ये (चाकामागच्या गिअरच्या डब्यात) बसून असते आणि त्याचा त्रास पुढच्या हंगामात होतो.

आधी एक खात्री करून घ्या. "फोर बाय फोर पडत नाही" (म्हणजे लागू होत नाही) अशी तक्रार घेऊन येणाऱ्या ट्रॅक्टरपैकी काहींमध्ये ते व्यवस्थित पडलेले असते. ओल्या ओळीत चाके घसरायला लागली की एका माणसाला बाजूला, सुरक्षित अंतरावर उभे करून पुढच्या चाकांकडे बघायला सांगा. पुढचे एक चाक जागेवर गरगर फिरते आहे आणि दुसरे स्थिर आहे, असे दिसले तर जोर पुढे पोहोचतो आहे. डिफरन्शियलचा (दोन चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरसंचाचा) स्वभावच असा की ज्या चाकाखाली पकड कमी, तिकडे फिरणे जास्त जाते. दोन्ही चाके नुसती पुढे ढकलली जात असतील, स्वतः फिरण्याचा जोर लावत नसतील, तरच पुढची तपासणी करा. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका. बहुतेक ट्रॅक्टरांत तो दिवा लिव्हरच्या हालचालीवर लागतो. चाकापर्यंत जोर गेला की नाही हे त्याला कळत नाही.

जॅक लावून करायची परीक्षा

मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी ही परीक्षा घरी करा, असे मी आग्रहाने सांगतो. पुढचा अॅक्सल उघडणे हे खर्चाचे काम आहे, आणि दोष मागे असताना पुढचे हाउसिंग खोलून बसलेले ट्रॅक्टर दरवर्षी पाहायला मिळतात.

ट्रॅक्टर सपाट, कडक जागेवर उभा करा. इंजिन बंद करून चावी काढून खिशात ठेवा, हँडब्रेक लावा, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे द्या. फोर बाय फोरचा लिव्हर पाडा. आता पुढचे एकच चाक जॅकने जमिनीपासून थोडे उचला आणि अॅक्सलखाली भक्कम ठोकळा सरकवा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरखाली हात घालायचा नाही. उचललेले चाक दोन्ही हातांनी फिरवून पाहा. सगळे ठीक असेल तर ते किंचित खेळेल आणि अडेल. अडले नाही, फिरतच राहिले, तर जोर मधेच कुठेतरी तुटला आहे.

तुटला कुठे, ते ट्रॅक्टरच्या पोटाखालून पुढे जाणारा शाफ्ट सांगतो. चाक फिरवताना दुसऱ्या माणसाने त्या शाफ्टकडे बघावे. बऱ्याच मॉडेलमध्ये त्यावर पाइपसारखे कव्हर असते. क्लिप किंवा बोल्ट सैल करून ते सरकवावे लागते. चाकाबरोबर शाफ्टही फिरत असेल तर पुढचा अॅक्सल बरा आहे, दोष मागे आहे: लिव्हरची जोडणी, गिअरबॉक्सला लागून असलेल्या खोक्यातला फोर्क (गिअर सरकवणारा चिमटा) व सरकता गिअर, किंवा शाफ्टचे मागचे कपलिंग. चाक फिरते पण शाफ्ट स्थिर असेल तर दोष पुढे आहे: पुढचे कपलिंग, क्राउन-पिनियन (मधली मुख्य गिअरजोडी), आतला अॅक्सल शाफ्ट किंवा हबचे गिअर. मग दुसरे चाक उचलून तीच तपासणी करा. एवढ्या माहितीने निम्मे काम होते.

दोष मागे असेल तर

सुरुवात लिव्हरपासून करा. सीटजवळचा दांडा आणि खालच्या खोक्यावरचा छोटा हात यांना जोडणारी सळी असते. तिची पिन झिजते, स्प्लिट पिन पडते, कधी बांधावर घासून सळीच वाकते. मग वर दांडा पूर्ण पडल्यासारखा वाटतो आणि खाली गिअर अर्धाच सरकतो. सळी खोक्याच्या हातापासून सोडवा आणि तो हात थेट हाताने हलवा. तो पूर्ण सरकून "खट" असा बसत असेल तर आतले सगळे ठीक आहे, सळीची लांबी जुळवली की काम झाले. हात अर्ध्यातच अडत असेल तर आधी पुढचे चाक जॅकवरून खाली टेकवून, मागची चाके सोडवून ट्रॅक्टर हाताने इंचभर पुढे-मागे ढकलून पाहा, कारण गिअरचे दाते समोरासमोर आले तरी तो अडतो. तरीही बसला नाही तर फोर्क वाकला आहे किंवा दात्यांची टोके झिजली आहेत, आणि ते काम वर्कशॉपचे.

भार आला की लिव्हर आपोआप सुटतो, ही तक्रार वेगळी. आत गिअर धरून ठेवणारी गोळी आणि स्प्रिंग असते. स्प्रिंग ढिली पडली किंवा दाते गोल झाले की ओढताना गिअर बाहेर फेकला जातो. काही जण अशा वेळी लिव्हर दोरीने किंवा रबराने बांधून फवारणी उरकतात. कृपा करून हे करू नका. अर्धवट बसलेले दाते त्या एका दिवसात उरलेलेही कुरतडले जातात आणि साध्या स्प्रिंगचे काम पूर्ण गिअर बदलण्यावर जाते.

काही मोठ्या ट्रॅक्टरांत दांड्याऐवजी बटण असते. तिथे आधी फ्यूज, मग सोलेनॉइडकडे (बटणाने चालणाऱ्या विद्युत भागाकडे) जाणारी वायर आणि तिचा जोड बघा. पावसाळ्यात शेडमध्ये उभ्या ट्रॅक्टरची वायर कधी उंदराने कुरतडलेली असते.

द्राक्षबागेत सर्वाधिक बिघडणारी जागा मात्र कपलिंगची. शाफ्टच्या दोन्ही टोकांना खाचांचे कपलिंग असते आणि ते सर्क्लिपने (खाचेत बसणाऱ्या कडीने) किंवा पिनने जागेवर राहते. बागेत पडलेले तारेचे तुकडे, सुतळी, छाटणीच्या काड्या कव्हरमध्ये शिरून शाफ्टवर गुंडाळल्या जातात, सर्क्लिप उडते, आणि कपलिंग मागे सरकून खाचा सोडते. कधी नुसते पुन्हा सरकवून नवी सर्क्लिप लावली की ट्रॅक्टर ओढायला लागतो. खाचा गंजून बारीक झाल्या असतील तर कपलिंग बदला, आणि शाफ्टच्या खाचाही नखाने चाचपून बघा. झिजलेल्या शाफ्टवर नवे कपलिंग हंगामभर टिकत नाही. बसवताना खाचांना ग्रीस भरा.

टायर: न दिसणारा दोष

लिव्हर पडतो, जॅकच्या परीक्षेत चाक अडते, तरी पुढची चाके ओढत नाहीत, असे असेल तर टायरकडे वळा. फोर बाय फोरमध्ये पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरतील अशीच गिअरची रचना असते. ही आघाडी साधारण 1 ते 5 टक्के असायला हवी. पुढचे टायर गोटा झाले (झिजून गुळगुळीत झाले) की त्यांचा घेर घटतो आणि आघाडी संपते. मग पुढची चाके ओढण्याऐवजी मागच्यांना अडवतात. मागे मोठ्या मापाचे टायर टाकले तरी तेच. उलट मागचे टायर झिजलेले आणि पुढचे कोरे असतील तर आघाडी प्रमाणाबाहेर वाढते, पुढचे टायर घासून झिजतात आणि गिअरवर ताण येतो.

मोजायला सोपे आहे. सर्व टायरमध्ये पुस्तिकेप्रमाणे हवा भरा. शेतातल्या सपाट मातीवर जा, डांबरी रस्त्यावर नको. मागच्या व पुढच्या एकेका टायरवर खडूने खूण करा. फोर बाय फोर काढून ट्रॅक्टर अगदी हळू, सरळ चालवा आणि मागच्या चाकाचे 20 फेरे होईपर्यंत पुढच्याचे किती झाले ते बाजूने चालणाऱ्या माणसाने मोजावे. मग फोर बाय फोर पाडून पुन्हा तेवढेच. समजा आधी 30 फेरे झाले आणि नंतर 31, तर फरक 1. त्याला 30 ने भागून 100 ने गुणा, आघाडी 3.3 टक्के. हे उत्तम. दोन्ही वेळा आकडा सारखाच आला, किंवा दुसऱ्या वेळी कमी आला, तर टायर बदलल्याशिवाय इलाज नाही. बदलताना पुस्तिकेतलेच माप घ्या, आणि पुढची जोडी एकत्र बदला. दुकानदार "जवळपासचे माप चालते" म्हणेल. साध्या ट्रॅक्टरला ते चालत असेल, फोर बाय फोरला चालत नाही.

पुढच्या टोकाला वजन कमी असले तरी ओढ मिळत नाही. 600 लिटरच्या टाकीत पाणीच 600 किलो असते. ब्लोअरच्या बनावटीप्रमाणे त्यातला काही भार ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूवर येतो आणि पुढचे टोक हलके होते. फोर बाय फोर ट्रॅक्टरचे साधारण 40 टक्के वजन पुढे असावे. बंपरला कंपनीची वजने लावा, किंवा ओल्या दिवशी टाकी अर्धीच भरून दोन खेपा करा.

दोष पुढे असेल तर

अॅक्सलच्या आणि दोन्ही हबच्या ऑइलच्या पातळीचे बोल्ट उघडा. ऑइल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे: ते काढून टाका, सील बदला, पुस्तिकेतल्या ग्रेडचेच नवे भरा. सील का गेले तेही शोधा. बहुतेक वेळा अॅक्सलवरची हवेची छोटी नळी चिखलाने बुजलेली असते. गरम ऑइलचा दाब वाढून तो सीलमधून वाट काढतो. ती नळी दर धुण्याच्या वेळी साफ करा. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर बारीक करडा लेप असणे चिंतेचे नाही. चमकते तुकडे किंवा दात्याचा कपचा निघाला तर ट्रॅक्टर फोर बाय फोरमध्ये एक फूटही चालवू नका, आतला चुरा बाकीचे गिअरही खातो.

दुरुस्तीनंतर ड्रायव्हरला दोन सवयी लावा. ओळीत शिरण्यापूर्वी, स्टीअरिंग सरळ ठेवून, क्लच दाबून लिव्हर पाडायचा. चाके घसरायला लागल्यावर फिरत्या चाकांत पाडला की दाते तुटतात. अडकलाच तर पूर्ण थांबा, मग पाडा. आणि बागेबाहेर कडक रस्त्यावर येताच काढायचा. लिव्हर निघत नसेल तर जोर लावू नका. आत पीळ बसलेला असतो, ट्रॅक्टर सरळ थोडा मागे घेतला की तो सुटतो आणि लिव्हर हलका निघतो.

मेकॅनिकला फोन कराल तेव्हा एवढे सांगा: जॅकवर चाक अडले की फिरले, शाफ्ट त्याबरोबर फिरला का, आणि ऑइल कसे दिसले. त्यावरून त्याला कपलिंग, सील की फोर्क, काय सोबत घेऊन यायचे ते कळते. छाटणीच्या दिवसांत सुट्या भागांना वेळ लागतो, त्यामुळे कपलिंग, दोन सर्क्लिप आणि हब सीलची एक जोडी घरात आणून ठेवा. भाग येईपर्यंत पाऊस झालाच तर मागची चाके घसरवत ट्रॅक्टर आत रेटू नका. ओल्या काळ्या मातीत पडलेली चाकोरी दाबली जाते आणि वरच्या थरातली पांढरी मुळी गुदमरते. एचटीपी (जास्त दाबाचा फवारणी) पंप बांधावर ठेवून लांब पाइप आणि गनने त्या दिवसाची फवारणी काढा. पाइपचे जोड आणि गनचे वॉशर आताच तपासून ठेवा.