मलेरियाची औषधरोधकता किती वेगाने पसरेल, याचं गणित एक्सेलवर कसं मांडावं

या विषयात शिरणाऱ्याला आधी डिफरन्शियल समीकरणं शिकून ये म्हणतात. हा सल्ला मला पटत नाही. ‘आज शंभर लागणींत एक रोधक, म्हणजे औषधाला न जुमानणाऱ्या जंतूची आहे, निम्म्या कधी होतील?’ एवढंच विचारायचं असेल तर एक्सेलचं एक पान पुरतं. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडचं चित्र डोळ्यांपुढे ठेवून मी हे पान अनेकदा मांडलंय. खालचे आकडे मात्र उदाहरणाचे आहेत, सर्वेक्षणाचे नाहीत.

मलेरियाच्या जंतूंपैकी फक्त फाल्सिपेरम घ्या. व्हायवॅक्स ही दुसरी जात यकृतात दडून महिन्यांनी उलटतो, त्याला हे गणित लागू पडत नाही.

दोन रकाने करा: संवेदनशील (औषधाने मरणारा) आणि रोधक. माणसातून डासात आणि पुन्हा माणसात, ही एक पिढी साधारण दोन महिन्यांची धरा.

आता दोघांची पसरण्याची ताकद. औषध न घेतलेल्या माणसात संवेदनशीलाची १, रोधकाची ०.९, कारण रोधक होण्यासाठी जंतूला बहुधा काही किंमत मोजावी लागते. औषध घेतलेल्यात संवेदनशीलाची ०.२, रोधकाची ०.८१.

यानंतर या दोन गटांची सरासरी काढायची असते, आणि मी अडकलो होतो तो इथेच. ‘किती टक्के औषध घेतात?’ या रकान्यात मी ७० लिहिलं होतं, कारण तापाच्या शंभर रुग्णांपैकी सत्तर जण गोळ्या घेतात असं गृहीत धरलं होतं. संवेदनशीलाची सरासरी आली ०.४४, रोधकाची ०.८३७, म्हणजे दोघांचं गुणोत्तर दर पिढीला जवळपास १.९ पट. सात पिढ्यांत, सव्वा वर्षाच्या आत, रोधक निम्म्यावर! मी घाबरलो, आणि तोच आलेख चार जणांना दाखवूनही बसलो. त्याची खंत अजून आहे.

चूक छेदात होती. टक्केवारी रुग्णांची नव्हे, लागणींची हवी. वारंवार थंडीताप झालेल्या माणसाच्या रक्तात अनेकदा जंतू असतात, पण ताप नसतो. तो शेतात जातो, डास त्याला चावतात, आशाताईंच्या तपासणी किटपर्यंत तो येतच नाही. शंभर लागणींत ताप समजा ४३ जणांना चढला, तर त्यांतले सत्तर टक्के म्हणजे ३०. आता सरासरी ०.७६ आणि ०.८७३, गुणोत्तर १.१५. निम्म्यावर जायला तेहतीसेक पिढ्या, साडेपाच वर्षं. जंतू तेच, औषध तेच, फक्त छेद बदलला. औषध घेणाऱ्या लागणींचा हाच आकडा १४ टक्क्यांच्या खाली नेलात तर गुणोत्तर १ च्या खाली जातं आणि रोधक मागे हटतो. म्हणून कुणी मॉडेल दाखवलं की मी पहिलं विचारतो, हे टक्के कशाचे? उत्तर अडखळलं तर पुढचं बघत नाही.

याचा अर्थ औषध कमी द्या असा कुणी लावू नये. फाल्सिपेरमचा रुग्ण उपचाराविना दगावू शकतो. आर्टेमिसिनिन या मलेरियाच्या औषधासोबत दुसरं औषध जोडून देतात ते याचसाठी, की एकाला पुरून उरलेला जंतू दुसऱ्याने मरावा.

पुढचं सोपं. रोधक भागिले संवेदनशील, या भागाकाराला दर पिढीला गुणोत्तराने गुणत जा. त्याचा लॉग काढलात तर सरळ रेष येते. वाकली तर सूत्र खाली ओढताना घसरलंय. पावसाळ्यानंतर पिढ्या भराभर होतात, उन्हाळ्यात रेंगाळतात, तेव्हा वर्षाला सरसकट सहा मोजू नका.

स्थलांतर विसरू नका. गुजरातेत ऊसतोडीला गेलेली माणसं होळीला परततात. गावात रोधक १ टक्का आहे, परतणाऱ्यांत १० टक्के, आणि पाचातली एक लागण त्यांची, तर गावाचा आकडा एकदम २.८ होतो. एका होळीत साडेसात पिढ्यांचं अंतर तुटतं. क्लोरोक्विन या मलेरियाच्या जुन्या औषधाला न जुमानणारा फाल्सिपेरम भारतात १९७३ साली आसामात पहिल्यांदा नोंदला गेला, तो आसामातच थांबला नाही.

शेवटी तपासणी. आफ्रिकेतल्या मलावीने १९९३ मध्ये क्लोरोक्विन बंद केलं आणि बारा-एक वर्षांत तिथे ते पुन्हा गुणकारी ठरलं. तुमच्या पानावर औषधाचा आकडा शून्य करा. रोधकाची रेष खाली उतरली पाहिजे. उतरली नाही तर कुठेतरी ०.९ टाकायचा राहिलाय. तो शोधा, मगच आलेख कुणाला दाखवा.