फंक्शनला आर्ग्युमेंट द्या, पण क्रमाच्या भरवशावर राहू नका

"फंक्शन म्हणजे मिक्सर, आर्ग्युमेंट म्हणजे त्यात टाकलेली फळं" हे ऐकून कोणाला फंक्शन लिहिता आलं, असं मी तरी पाहिलेलं नाही. आमच्या वणीकडचे पोट्टे मोबाइलवरच पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकतात. फंक्शन म्हणजे एकदा लिहून नाव दिलेला हिशेब, हवा तेव्हा नावानं वापरायचा. त्यांना मी पहिला हिशेब देतो तो कापूस वेचणीच्या मजुरीचा: किलो, दर आणि आधी घेतलेली उचल.

डेफ मजुरी(किलो, दर, उचल):
    रिटर्न किलो * दर - उचल

डेफ आणि रिटर्न टाइप करताना इंग्रजी अक्षरांतच (def, return) टाका, आकडेही इंग्रजीच (210, 10). नावं मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीत चालतात. पहिल्या ओळीच्या शेवटी कोलन, दुसरी ओळ चार स्पेस आत. कंसातली नावं ती पॅरामीटर आणि फंक्शन वापरताना दिलेले आकडे ती आर्ग्युमेंट. एवढंच.

रिटर्नच्या जागी प्रिंट लिहू नका. आकडा स्क्रीनवर दिसतो, पण फंक्शनच्या हातून परत येतो तो 'नन', म्हणजे काहीच नाही. मग दहा बायांची बेरीज करायला गेलात की एरर.

आता खरी अडचण. मजुरी(२१०, १०, ५००) म्हटलं की १६०० येतात, बरोबर. चुकून मजुरी(१०, २१०, ५००) लिहिलं तरी १६००च, कारण गुणाकाराला पुढचं-मागचं कळत नाही. इथेच मी फसलो होतो. उत्तर जुळतंय म्हणजे क्रम कसाही चालतो, अशी माझी समजूत झाली. पुढच्या बाजाराच्या दिवशी घाईत दर आणि उचल यांची अदलाबदल झाली आणि एका मावशीच्या नावापुढे १,०४,९९० रुपये आले. पायथननं चूं केलं नाही. त्याला तीन आकडे हवे होते, तीन मिळाले. कोणता आकडा कशाचा, हे त्याला काय माहीत! मावशी हसून म्हणाली, "भाऊ, एवढ्यात तर मी वावर घेतो!"

तो आकडा भलताच मोठा होता म्हणून सापडला. उचल वीस रुपये असती तर दुप्पट मजुरी कोणाच्या लक्षातही आली नसती. "क्रम नीट लक्षात ठेवा" हा सल्ला मी कोणालाच देत नाही. उन्हातून येऊन पन्नास नोंदी भरणाऱ्या माणसाच्या तो लक्षात राहत नाही. नाव लिहूनच द्या:

मजुरी(किलो=२१०, दर=१०, उचल=५००)

आता क्रम कसाही असू द्या, हिशेब चुकत नाही. तरी आळस नडतोच, म्हणून मी दारच बंद करून ठेवतो:

डेफ मजुरी(किलो, *, दर, उचल=०):
    रिटर्न किलो * दर - उचल

त्या एकट्या चांदणीनंतरची (* या खुणेनंतरची) आर्ग्युमेंट नावाशिवाय घेतलीच जात नाहीत. मजुरी(२१०, १०, ५००) लिहिलं की पायथन टाइपएरर देऊन तिथंच अडवतो. ही चांदणी पुढच्या धड्यांसाठी राखून ठेवणारे शिकवणारे मला पटत नाहीत. पहिल्याच आठवड्यात शिकवा.

उचल=० म्हणजे उचल दिलीच नाही तर शून्य धर. चांदणी नसेल तर असं ठरवून दिलेलं पॅरामीटर शेवटी ठेवावं लागतं, नाहीतर सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याच्या नियमातली चूक, येते.

शेवटी वहीतले तीन जुने हिशेब घालून पाहा: एक उचलीचा, एक बिनउचलीचा आणि एक पावसामुळं वेचणीच न झालेल्या आठवड्याचा. शून्य किलो आणि २०० उचल दिल्यावर उणे २०० आलं तर फंक्शन दुरुस्त करायला बसू नका. ती उचल पुढच्या बाजाराला वळती करायची आहे.