बाकावरचा ठेका आणि ध्वनीचा धडा

हिप-हॉपच्या आधाराने विज्ञान शिकवायचे म्हणजे पुस्तकातील व्याख्यांना यमके जुळवून त्या मुलांकडून घोकून घ्यायच्या, असा समज असेल तर तो आधी बाजूला ठेवावा. रॅपर जीझा आणि प्राध्यापक ख्रिस्तोफर एम्डिन यांनी न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत जो उपक्रम चालवला, त्यात विज्ञानावरील रॅप विद्यार्थीच लिहीत. धारावी-कुर्ल्याच्या गल्ल्यांत रॅप रुजलेला असल्याने मुंबईतील शिक्षकाला तो शिकवावा लागत नाही, आणि त्याने स्वतः रॅप करण्याचा हट्टही धरू नये (मुले हसतात आणि तास तिथेच संपतो).

सुरुवात नववीच्या ध्वनीच्या धड्यापासून करावी. मोबाइलवरील मेट्रोनोम (ठराविक गतीने टिकटिक करणारे ॲप) मिनिटाला ९० ठोक्यांवर लावून वर्गाला बाकावर ठेका धरायला सांगावे आणि एकाने स्टॉपवॉचवर ३० ठोक्यांचा वेळ मोजावा. पहिला ठोका शून्य धरायचा, हे आवर्जून सांगावे. नाहीतर ३० ठोक्यांत अंतरे २९च भरतात. वेळ २० सेकंदांच्या आसपास येतो, म्हणजे ठेक्याची वारंवारिता १.५ हर्ट्झ. आता विचारावे: २० हर्ट्झच्या खालचा ध्वनी माणसाला ऐकू येत नाही, मग हा ठेका कसा ऐकू आला? इथे घाई करू नये. प्रत्येक ठोक्याला बाकाचे लाकूड सेकंदाला शेकडो वेळा कंप पावते आणि कानाला ऐकू येतो तो त्या कंपनांचा ध्वनी. दीड ही संख्या केवळ सेकंदाला किती ठोके पडतात एवढेच सांगते. हा फरक मुलांनीच उलगडला, तर वारंवारितेची व्याख्या निराळी समजावावी लागत नाही.

मग लेखन. चौघांच्या गटाने ध्वनीवर रॅपच्या आठ ओळी लिहाव्यात, हिंदी-मराठी मिसळली तरी चालेल. अट एवढीच की निदान एका ओळीत शास्त्रीय कारण यावे. सादरीकरण सायफरप्रमाणे, म्हणजे रॅपर रिंगण करून आळीपाळीने रॅप करतात तसे, गोल उभे राहून करावे, आणि रॅप बॅटलमध्ये जिथे प्रतिस्पर्ध्याला टोमणा मारतात, तिथे त्याच्या ओळीतील शास्त्रीय चूक काढावी. ‘हवा धावत आली, आवाज घेऊन आली’ ही ओळ टाळ्या घेईल. पण हवेचे कण बोलणाऱ्यापासून ऐकणाऱ्यापर्यंत धावत येत नाहीत, ते आपापल्या जागी मागेपुढे हलतात आणि पुढे सरकते ते कंपन, हे समोरचा गट तालात सांगेपर्यंत शिक्षकाने गप्प राहावे. यमकाला गुण देऊ नयेत.

संगणकाच्या तासाला हाच ठेका चौकटीच्या वहीत उतरवता येतो. एका ओळीत १६ चौकोन घ्यावेत, वाजेल तिथे १ आणि शांत राहील तिथे ० लिहावे. ढोलाचा ठोका पहिल्या आणि नवव्या चौकोनात, टाळी दुसऱ्या ओळीत पाचव्या आणि तेराव्या चौकोनात. ड्रम मशीनही अशाच चौकोनांच्या रांगेवर चालते, आणि रांग संपली की पुन्हा पहिल्या चौकोनापासून सुरू होते, त्यामुळे प्रोग्रामिंगमधील लूप (त्याच सूचना पुन्हा पुन्हा चालवणे) वहीवर बोट फिरवूनच कळते.

शेजारच्या वर्गात परीक्षा चालू असेल त्या दिवशी बाकाऐवजी वहीवर बोटांनी ठेका धरावा. मोजणीत काही फरक पडत नाही.