निवृत्तीनंतरची क्रूझ : भर समुद्रातला दिवस कसा घालवावा

मुंबईहून लक्षद्वीप किंवा कोचीकडे निघालेल्या क्रूझवर एखादा अख्खा दिवस असा येतो की, जहाज कोणत्याही बंदराला लागत नाही; साठी ओलांडलेल्या प्रवाशाने त्याची तयारी आरक्षणापासूनच करावी. केबिन खालच्या मजल्यावरची व जहाजाच्या मध्याजवळची घ्यावी, कारण डोलणे तेथे सर्वांत कमी जाणवते.

मळमळीची गोळी त्रास सुरू होण्यापूर्वी घ्यायची असते. मात्र अशा गोळ्यांनी झापड येते आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा विकार असलेल्यांना त्यांपैकी काही वर्ज्य असतात, म्हणून निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. तरीही पोटात ढवळू लागल्यास केबिनमध्ये वाचत पडू नये. मोकळ्या डेकवर येऊन क्षितिजावर नजर स्थिर ठेवावी आणि आल्याचा तुकडा चघळावा. नेहमीची औषधे हातातल्या पिशवीतच असावीत.

सकाळी ऊन चढण्यापूर्वी डेकवर फेऱ्या माराव्यात. डेक बहुधा ओला असतो, तेव्हा चपलांऐवजी रबरी तळव्याचे बूट बरे. बुफेपूर्वी हात साबणानेच धुवावेत, कारण उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूपुढे सॅनिटायझर फारसा चालत नाही. फोन विमान मोडवर ठेवावा, अन्यथा तो जहाजावरच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जाऊन भरमसाट बिल येऊ शकते.

दुपार बिनदिक्कत झोपेला द्यावी. जहाज दक्षिणेकडे जात असल्याने सूर्यास्त उजव्या बाजूस दिसतो. तिथली खुर्ची अर्धा तास आधीच धरावी.