जर्मन बोलीतला शब्द इंग्लिशमध्ये नेण्याआधी एकदा नागपुरीत बोलून पहा

जर्मन बोलीतल्या फँटसी गोष्टी इंग्लिशमध्ये आणायच्या, तर सुरुवात 'रॉस' या शब्दापासून करतो कारण बहुतेक जण इथेच पहिल्यांदा घसरतात. क्लासमध्ये शिकवतात ती प्रमाण जर्मन, म्हणजे होखडॉइच, तिच्यात घोड्याला फेर्ड म्हणतात आणि रॉस हा शब्द कवितेतला, राजपुत्राच्या घोड्यासाठी ठेवलेला. डिक्शनरी उघडली की लगेच इंग्लिश 'स्टीड' हातात येतो. पण बव्हेरिया, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड इकडच्या बोलीत रॉस म्हणजे रोजचा साधा घोडा, गाडीला जुंपायचा, ज्याची लीद काढावी लागते तो. आता फँटसी कादंबरीत डोंगरातला शेतकरी म्हणतो माझा रॉस लंगडून राहिला, आणि तुम्ही त्याच्या तोंडी स्टीड घातला तर तो माणूस एका शब्दात सरदार झाला ना. तिथे 'हॉर्स'च पाहिजे. त्याच पुस्तकात राणी रॉस म्हणाली तर मात्र स्टीड बरोबर आहे. म्हणून माझं पहिलं काम नेहमी हेच, प्रत्येक पात्राच्या नावापुढे लिहून ठेवायचं की हा कुठला, कोणाशी बोलतो, आणि बोली फक्त घरी बोलतो की दरबारात पण.

कुठला ते ओळखायला मोठ्याने वाचा. बोलीचं ठरलेलं स्पेलिंग नसतं, लेखक कानाला आलं तसं लिहितो, त्यामुळे तोच शब्द डिक्शनरीत शोधला तर सापडत नाही. मधे 'ओआ' ऐकू आला तर बहुधा बायरिश, म्हणजे बव्हेरिया-ऑस्ट्रियाकडची बोली, तिथे 'आय' लावून पहा: श्टोआ म्हणजे श्टाइन, दगड, आणि होआमाट म्हणजे हायमाट, आपला मुलूख. (प्रत्येक 'आय' असा बदलत नाही, 'वेळ' या शब्दाला बायरिशमध्येही त्साइटच म्हणतात.) शब्दाच्या शेवटी 'ले' लागलं तर श्वेबिश, म्हणजे नैऋत्य जर्मनीतली बोली, 'एर्ल' लागलं तर बव्हेरिया-ऑस्ट्रिया, 'ली' लागलं तर स्विस. उत्तरेकडची प्लाट अजून वेगळी, कारण होखडॉइचमध्ये जुने प, ट, क बदलून गेले पण प्लाटमध्ये बदलले नाहीत आणि इंग्लिशमध्येही नाहीत, म्हणून प्लाटवाला खलाशी पाण्याला वाटर म्हणतो, सफरचंदाला आपेल, जहाजाला शिप. याचा फायदा घ्या, त्याच्या संवादाला इंग्लिशचे जुने, छोटे, ठसठशीत शब्द द्या, लॅटिनमधून आलेले लांबलचक नको. फक्त सगळीकडे डोळे झाकून विश्वास ठेवू नका, प्लाटमध्ये स्नाकेन म्हणजे बोलणं, खाण्याशी त्याचा काही संबंध नाही.

खरा घात ओळखीचे शब्द करतात. अनोळखी शब्द आला की आपण थांबतो, ओळखीचा आला की वाचत पुढे जातो आणि तिथेच चुकतो. श्वेबिश आणि स्विसमध्ये श्प्रिंगेन म्हणजे पळणं, होखडॉइचमध्ये तेच म्हणजे उडी मारणं. मी एका गोष्टीच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये लांडगे मागे लागलेल्या मुलीला अख्खं शेत उड्या मारत पार करायला लावलं होतं, चूक कळली तेव्हा सगळी पानं परत तपासली आणि तेव्हापासून अशा शब्दांची वेगळी यादी ठेवतो. फूस म्हणजे पुस्तकात पाऊल, पण दक्षिणेत कमरेपासून खालचा अख्खा पाय, अगदी आपल्या 'पाय' सारखं, त्यामुळे ड्रॅगनने फूस तोडला तर 'फुट' लिहायचं की 'लेग' हे पुढचा मजकूर वाचून ठरवा. श्वेबिशमध्ये टेपिश हे अंगावर घ्यायचं ब्लँकेट असतं, गालिचा नाही. ब्यूने म्हणजे घराचा माळा, नाटकाचं स्टेज नाही. आणि आलेमानिश भागात, म्हणजे श्वेबिश-स्विस बोलींच्या पट्ट्यात, श्मेकेन म्हणजे वास येणं, हे राक्षसांच्या गोष्टीत फार उपयोगी पडतं.

आता मधली पायरी, जी मी कोणाकडून शिकलो नाही, नागपूरच्या घरात वाढल्यामुळे मिळाली. वाक्य इंग्लिशमध्ये लिहायच्या आधी आपल्या बोलीत बोलून पहायचं. समजा बव्हेरियातली आजी नातवाला म्हणते, "बुआ, गे नेड आउसी, दे शीआखन सान उंटरवेग्स." बुआ म्हणजे मुलगा (आपला बुवा नव्हे), शीआख म्हणजे कुरूप, भेसूर. मी आधी म्हणून पाहिलं, "पोट्ट्या, भाईर नोको जाऊ बे." चुकलं, कारण 'बे' आजी म्हणत नाही, ते नागपूरच्या बर्डीवर, बाजारात, मित्र मित्राला म्हणतो, आणि पोट्ट्या म्हटलं की ती चिडली आहे असं वाटतं. मग "बाबू, भाईर नोको जाऊ रे, ते भेसूर तोंडाचे हिंडून रायले." हे बसलं. आता कळलं की वाक्यात माया आहे, भीती आहे, राग नाही, आणि भुतांचं नाव घ्यायचं टाळलंय. मग इंग्लिश आपोआप सुचतं: "डोन्ट यू गो आउट, बॉय. द अग्ली वन्स आर अबाउट." साधे शब्द, एकही स्पेलिंग तोडलेलं नाही, तरी कुठल्या तरी गावातली म्हातारी बोलते आहे हे कळतं.

काही जण इथे स्कॉटिश किंवा यॉर्कशरची बोली वापरतात. मला ते अजिबात पटत नाही. वऱ्हाडी शेतकऱ्याला कोणी पंजाबी बोलायला लावलं तर आपल्याला कसं वाटेल? वाचकाच्या डोळ्यापुढे आल्प्स नाही, स्कॉटलंड येतं. वाक्याची लय मोडा, क्रियापद गाळा, 'माइंड यू' सारखे बोलीभाषेतले तुकडे घाला (बायरिश आणि श्वेबिशमधला 'फाय', आपल्या 'बरं का' सारखा, कधी कधी त्याने छान निघतो), पण दुसऱ्याचा मुलूख उसना घेऊ नका.

भुताखेतांची नावं मात्र वेगळी. आल्प्सच्या गावांमध्ये ख्रिसमस ते 6 जानेवारीच्या दरम्यानच्या राउनेख्टे नावाच्या रात्रींमध्ये पेर्श्टन निघतात, लाकडी मुखवटे, कातडी, मोठ्या घंटा, वाईट शक्ती आणि हिवाळा हाकलायला. याला 'डेमन्स' लिहिलं की संपलं सगळं. विचार करा, तान्ह्या पोळ्याला आपल्याकडे नागपुरात मारबत, म्हणजे मोठा पुतळा, मिरवत निघते आणि लोक ओरडतात 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत', तिला इंग्लिशमध्ये नुसतं 'एफिजी' म्हटलं तर काय उरलं? म्हणून पेर्श्टन तसंच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तेव्हा त्याच वाक्यात घंटा वाजू द्या, मुखवटा दिसू द्या, तळटीप लागत नाही. जिथे इंग्लिशमध्ये सख्खा शब्द आहे तिथे तो घ्या, इर्लिश्टला 'विल ओ द विस्प' उत्तम. आर्टिकलकडे लक्ष ठेवा: 'डेर आल्प' म्हणजे झोपेत छातीवर बसणारं भूत, 'डी आल्प' म्हणजे डोंगरातलं कुरण. हा भूतवाला आल्प इंग्लिश 'एल्फ'चा नात्यातला शब्द आहे, तरी एल्फ लिहू नका, वाचकाला टोकदार कान दिसतील. 'नाइटमेअर'मधला जुना 'मेअर' हेच काम करणारं भूत होतं, तो शब्द मी वापरतो.

ले, एर्ल, ली या प्रत्ययांसाठी दरवेळी 'लिटल' लावू नका. श्वेबिश माणूस तीन मजली घरालाही हॉइस्ले म्हणतो, त्यात आकार नाही, घरकुल म्हणताना आपल्या मनात असते तशी माया आहे, 'अवर ओन हाउस' जास्त जवळ जातं.

अडलं की डूडेन हा जर्मनचा नेहमीचा शब्दकोश बघा, तिथे 'लांडशाफ्टलिश' म्हणजे प्रादेशिक अशी खूण असते. जुन्या शब्दांसाठी ग्रिम बंधूंनी सुरू केलेला कोश, ज्याचा पहिला खंड 1854 मध्ये आला आणि शेवटचा 1961 मध्ये, तो ऑनलाइन फुकट आहे. बायरिशसाठी श्मेलरचा कोश, स्विससाठी इडिओटिकोन नावाचा कोश. कुठेच सापडला नाही तर लेखकाने बनवलेला असू शकतो, तेव्हा सरळ लेखकालाच मेल करा आणि अर्थ विचारण्याऐवजी विचारा की हा शब्द तुमच्या गावात कोण म्हणतं.

आणि वेळ. इथे मराठी माणसाला जन्मजात फायदा आहे. 'हाल्प ड्राय' म्हणजे साडेतीन नाही, अडीच. जर्मनीच्या पूर्वेला आणि दक्षिणेच्या बऱ्याच भागात 'ड्रायफिअर्टेल ड्राय' म्हणतात, ते पावणेतीन, हेही आपल्याला लगेच पटतं. पण तिथलीच माणसं 'फिअर्टेल ड्राय' म्हणतात तेव्हा इंग्लिशवाला सवयीने सव्वातीन लिहून मोकळा होतो, आणि ज्या कथेत डोंगराचं दार ठरल्या वेळी उघडतं तिथे सगळे एक तास उशिरा पोचतात. तिसऱ्या तासाचा पाव भाग झाला असा तो हिशोब आहे, म्हणजे 'क्वार्टर पास्ट टू', आपलं सव्वादोन.