आगोटीची बेगमी यंत्रांसाठी: खाऱ्या हवेत लोखंड कसे जपावे

आषाढात स्वयंपाकघरातील खड्या मिठाची बरणी उघडली की तळाशी पाणी सुटलेले दिसते. त्या बरणीत कोणी पाणी ओतलेले नसते. मिठानेच ते हवेतून ओढून घेतलेले असते. किनाऱ्यालगतच्या घरातील विहिरीचा पंप, शिलाई मशीन, सायकल, ड्रिल, बागेतील ग्रास कटर यांच्यावर वर्षभर बसत गेलेल्या मिठाच्या न दिसणाऱ्या थराचेही पावसाळ्यात नेमके हेच होते, आणि लोखंड गंजते ते मुख्यतः त्या ओलसर थराखाली. देवगड तालुक्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहून छंद म्हणून जुनी यंत्रे उघडताना आणि जोडताना माझे एक मत पक्के झाले आहे: तेल आणि ग्रीस लावण्याची काळजी आपण सगळेच घेतो, पण त्याआधी मीठ धुण्याची घेत नाही, आणि मग तेलाची मेहनतही वाया जाते.

हे मीठ येते कोठून, ते आधी समजून घ्यावे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. लाट फुटते तेव्हा फेसातील असंख्य बुडबुडे फुटून अतिसूक्ष्म थेंब हवेत उडतात, दिवसा वाहणारे खारे वारे ते थेंब जमिनीवर आणतात आणि त्यातील पाणी उडून गेले तरी क्षार वस्तूंवर बसून राहतात. किनाऱ्यापासून आत जावे तसे हे प्रमाण झपाट्याने घटते. म्हणूनच पुळणीला लागून असलेल्या घरातील खिडकीचे गज आणि घाटीवरच्या घरातील गज यांच्या वयात इतका फरक पडतो. निव्वळ मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी धरून विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते तर सुमारे ३३ टक्के आर्द्रतेतच ओले होते. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता दिवसचे दिवस ८० ते ९० टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे मीठ बसलेली वस्तू छपराखाली असूनही चार महिने ओलीच असते.

पुढचे काम विजेचे आहे. लोखंडाच्या एकाच पृष्ठभागावर काही ठिकाणी लोखंड इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळते आणि शेजारच्या दुसऱ्या ठिकाणी हवेतील ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो. म्हणजे प्रत्येक गंजाच्या डागात एक लहानसा विद्युत घट चालू असतो. गोड पाण्यातून वीज फारशी सहज वाहत नाही, खाऱ्या पाण्यातून सहज वाहते, म्हणून घट जोरात चालतो. शिवाय तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. स्लॅबचे काँक्रीट आतल्या सळ्यांमुळे फुटते ते याच कारणाने आणि गंजलेला नट जागेवर घट्ट आवळला जातो तोही याच कारणाने.

हे सर्व पुस्तकातून माहीत असूनही एका वर्षी मी मेअखेरीस पान्यांचा पूर्ण संच आणि लहान व्हाइस कोरड्या फडक्याने पुसून, भरपूर ग्रीस लावून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर ठेवला. गणपतीत पिशवी सोडली तेव्हा ग्रीसच्या थराखाली तांबूस ठिपके पसरलेले होते. पुसल्याने धूळ गेली होती, मीठ गेले नव्हते. ते ग्रीसच्या आत कोंडले गेले आणि पिशवीने आतली ओल बाहेर जाऊ दिली नाही. पुढच्या वर्षी खात्री करण्यासाठी मी एकाच पुड्यातील खिळे घेऊन समुद्राच्या पाण्यात बुडवले आणि सुकवले. अर्ध्यांना तसेच तेल लावले, उरलेले अर्धे गोड पाण्यात तीनदा धुऊन, उन्हात वाळवून मग तेल लावले आणि सर्व खिळे पडवीत एकाच दोरीला टांगले. श्रावणापर्यंत न धुतलेले खिळे लाल झाले होते. धुतलेल्यांपैकी दोनतीन खिळ्यांच्या टोकाशी थोडा गंज होता, बाकी स्वच्छ होते. हा प्रयोग घरातील मुलांकडून अवश्य करून घ्यावा, कारण त्याला खर्च नाही आणि त्याचे उत्तर डोळ्यांना दिसते.

धुणे, सुकवणे, मग तेल

धुण्याचे पाणी गोड असणे ही पहिली अट आहे. किनाऱ्यालगतच्या अनेक विहिरी मे महिन्यात मचूळ होतात आणि मचूळ पाण्याने धुणे म्हणजे नवे मीठ लावणेच होय. मी श्रावणातील पागोळ्यांचे पाणी दोन कॅनमध्ये या कामासाठी राखून ठेवतो. पहिल्या काही सरी छपरावरची धूळ आणि मीठ घेऊन येतात, म्हणून त्या सोडून द्याव्यात. पाणी तपासायचे असेल तर साधा मल्टिमीटर पुरतो. एका पेल्यात बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी आणि तशाच दुसऱ्या पेल्यात आपले पाणी घेऊन, दोन्हींत मीटरची टोके सारख्याच अंतरावर आणि सारख्याच खोलीवर धरून रोध मोजावा. आकडा स्थिर राहणार नाही, तो केवळ तुलनेपुरता घ्यावा. रोध जितका कमी, तितके क्षार जास्त. हीच युक्ती वस्तूवर मीठ उरले आहे का हे पाहण्यासाठीही चालते: डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा वस्तूवर फिरवून त्याचा रोध मोजावा आणि तितक्याच भिजवलेल्या कोऱ्या बोळ्याशी तो ताडून पाहावा.

पाने, सायकलची साखळी, कोयती, कुदळ अशा ज्या वस्तूंना विजेचा संबंध नाही, त्या सरळ पाण्याने तीन वेळा धुवाव्यात. एकदाच भरपूर पाणी ओतण्यापेक्षा थोड्या पाण्यात तीनदा धुणे अधिक उपयोगाचे असते, कारण प्रत्येक वेळी मागे राहिलेल्या ओलाव्यातील मीठ आणखी पातळ होत जाते. मोटर, ड्रिल, मिक्सर यांच्यावर मात्र पाणी ओतू नये. त्यांचा प्लग काढून, बाहेरचा भाग गोड पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने तीनदा पुसावा आणि दर वेळी फडके खळबळून घ्यावे. बेअरिंग आणि वाइंडिंगमध्ये पाणी जाऊ देऊ नये.

त्यानंतर वस्तू कडक उन्हात दोनतीन तास ठेवावी आणि ती गरम असतानाच तेल लावावे, कारण गरम धातूवर तेल पातळ होऊन सांध्यांत उतरते. हे सगळे मेच्या शेवटच्या आठवड्यापूर्वी उरकावे. पाऊस साधारणपणे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो आणि एकदा तो लागला की सुकवणे जमत नाही. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, त्यामुळे त्याच सुमारास बंदरातील होड्या वर ओढून शाकारल्या जातात. घरातल्या यंत्रांनीही तोच मुहूर्त धरावा.

तेलाविषयी थोडे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. घरात खोबरेल नेहमी हाताशी असते, तरी ते यंत्राला लावू नये, कारण ते खवट होते, खवटपणात आम्ल तयार होते आणि त्या आम्लाने तांब्या-पितळेच्या भागांवर हिरवट थर येतो. नाजूक हालत्या भागांना शिलाई मशीनचे पातळ तेल, उघड्या लोखंडाला ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली, ही विभागणी पुरेशी आहे. गाडीतून काढलेले काळे इंजिन ऑइल फुकट मिळते म्हणून लावले जाते, पण जळणातून आलेली आम्ले त्यात असतात. डब्ल्यूडी-४० या फवाऱ्याच्या नावातच त्याचे काम सांगितलेले आहे: १९५३ साली पाणी दूर सारणारे (इंग्रजीत ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’, म्हणजेच डब्ल्यूडी) मिश्रण शोधताना चाळिसाव्या प्रयत्नाला यश आले, म्हणून ते नाव पडले. अडकलेला नट सोडवायला आणि ओल हटवायला ते उत्तम आहे. चार महिने टिकणारा थर म्हणून त्यावर विसंबू नये.

आधीच गंज चढला असेल तर

हलक्या गंजाला सायट्रिक ॲसिडचे पाणी पुरते. कोकमाचे आगळ मात्र त्यासाठी वापरू नये. कोकमातील आम्ल गंज सोडवते हे खरे, पण आगळात मीठ घातलेले असते आणि ते मीठ लोखंडाच्या छिद्रांत जाऊन बसते.

जाड गंजासाठी मला विद्युत अपघटनाची पद्धत सर्वांत आवडते, कारण ती चांगल्या लोखंडाला खरवडत नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी घेऊन दर लिटरला चहाचा एक सपाट चमचा धुण्याचा सोडा विरघळवावा. गंजलेली वस्तू त्यात टांगून तिला १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरचे ऋण टोक जोडावे, आणि भंगारातील साध्या लोखंडाची पट्टी थोड्या अंतरावर बुडवून तिला धन टोक जोडावे. दोन्ही एकमेकांना लागता कामा नयेत. जोडणी पूर्ण झाल्यावरच चार्जर चालू करावा आणि बादलीत हात घालण्यापूर्वी तो बंद करावा. वस्तूवर बारीक बुडबुडे दिसू लागतात, गंज काळा पडून सैल होतो आणि काही तासांनी ब्रशने निघून येतो. ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून हे काम बंद खोलीत न करता खळ्यात करावे आणि जवळ कोणी काडी ओढू नये. धन पट्टी स्टेनलेस स्टीलची कधीही घेऊ नये, कारण त्यातील क्रोमियमपासून विषारी संयुगे पाण्यात उतरतात. सोड्याऐवजी मीठ घालणेही तितकेच चुकीचे आहे. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. ॲल्युमिनियमच्या वस्तू आणि कडक स्प्रिंगा या बादलीत घालू नयेत. पहिल्या सोड्यात झिजतात, दुसऱ्या हायड्रोजन शोषून ठिसूळ होतात.

या पद्धतीचा आणखी एक गुण आपल्या किनाऱ्याला विशेष उपयोगी आहे: गंजात लपलेले क्लोराइडचे कण विजेच्या ओढीने धन पट्टीकडे निघून जातात, म्हणजे येथेही मीठ धुतले जाते. समुद्रातून काढलेल्या बिडाच्या जुन्या तोफांवर जतनाचे काम करणारे तज्ज्ञ हाच मार्ग वापरतात आणि त्याला महिने, कधी वर्षे लागतात, कारण आतले मीठ काढल्याशिवाय वर कितीही रंग दिला तरी बीड आतून खाल्ले जाते. आपल्या पान्याला एक रात्र पुरते. बाहेर काढताच मात्र तो गोड पाण्याने धुऊन तत्काळ वाळवावा, कारण उघडे पडलेले लोखंड तासाभरात पुन्हा तांबूस होते.

दोन धातू एकत्र येतात तेथे अधिक सावध राहावे. खाऱ्या ओलाव्यात दोन भिन्न धातू एकमेकांना लागले की इलेक्ट्रॉन अधिक सहज सोडणारा, म्हणजे ‘कमी प्रतिष्ठित’ धातू झिजतो आणि दुसरा वाचतो. पितळेच्या मोठ्या व्हॉल्व्हला लोखंडी छोटा बोल्ट लावला तर तो बोल्ट लवकर जातो. उलट मोठ्या लोखंडी पत्र्यात स्टेनलेसचा छोटा बोल्ट बराच काळ निभावतो, कारण झीज मोठ्या क्षेत्रावर वाटली जाते. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ साली ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरील तांब्याचे पत्रे वाचवण्यासाठी जस्त आणि लोखंडाचे लहान तुकडे जोडून पाहिले ते याच तत्त्वावर, आणि लोखंडी नौकांच्या तळाला आजही जस्ताच्या वड्या लावतात. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर ओरखडा पडला तरी तो लगेच गंजत नाही, कारण शेजारचे जस्त आधी झिजते.

ठेवण्याची जागा

प्लॅस्टिक गुंडाळण्यापेक्षा लाकडी कपाटात थोडी ऊब ठेवणे चांगले. २७ अंश तापमानाची, ९० टक्के आर्द्रतेची हवा तेवढ्याच बाष्पासह ३२ अंशांपर्यंत तापली तर तिची आर्द्रता सुमारे ६७ टक्क्यांवर येते, म्हणजे मिठाच्या ७५ टक्क्यांच्या रेषेखाली. लहान बंद कपाटात १५ वॅटचा तारेचा जुना बल्ब तेवढे काम करू शकतो. एलईडी करू शकत नाही, कारण त्याची उष्णता फारच कमी असते. बल्बभोवती जाळी असावी आणि कापड, कागद, पेट्रोल कपाटात नसावे. आर्द्रतामापक स्वस्तातला असला तरी चालतो, पण तो एकदा पारखून घ्यावा: बाटलीच्या बुचात ओलसर केलेले मीठ ठेवून, ते मापकासह घट्ट झाकणाच्या बरणीत रात्रभर ठेवले की मापकाने ७५ दाखवायला हवे. दाखवले नाही तर जो फरक येईल तो लक्षात ठेवून पुढे वजा किंवा अधिक करावा.

ग्रास कटरची टाकी पावसाळ्यापूर्वी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्बुरेटरही कोरडा करावा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतील पाणी ओढून घेते.

गणपतीला चाकरमानी घर उघडतात आणि पहिले बटण दाबतात ते पंपाचे. ते दाबण्यापूर्वी पुरवठा बंद आहे याची खात्री करून पंपाचा दांडा हाताने फिरवून पाहावा. तो फिरत नसेल तर सांध्यावर पातळ तेल सोडून तासभर थांबावे आणि पुन्हा हळूहळू फिरवावा. दांडा मोकळा झाल्यावर बटण दाबावे, आणि नुसता घूं असा आवाज येऊन पंप फिरला नाही, तर दोन सेकंदांच्या आत बंद करावा, कारण अडकलेल्या मोटरच्या वाइंडिंगमधून नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह वाहतो आणि ते काही मिनिटांत जळते. दांडा मोकळा असूनही असेच होत असेल तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो, आणि तो बदलण्यासाठी वायरमनला बोलवावे.