फिशरची चीर भरून येण्यासाठी काय करावं

शौचाच्या वेळी काचेने चिरल्यासारखी कळ, नंतर तासन् तास आग आणि मळावर लालभडक रक्ताची रेघ असेल तर ते बहुतेक वेळा फिशर असतं. आपल्याकडे त्या जागेच्या कुठल्याही दुखण्याला मूळव्याध म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. आतल्या मूळव्याधीत रक्त जातं, पण सहसा दुखत नाही.

कडक मळाने (कधी सततच्या जुलाबानेही) गुदद्वाराची कातडी फाटते, बहुधा मागच्या बाजूला, माकडहाडाच्या रेषेत. फाटली की आतला गोल स्नायू आवळून बसतो, तिथे रक्त कमी पोचतं आणि जखम भरत नाही. दुखेल या भीतीने माणूस शौचाला जायचं टाळतो. मळ आतच सुकतो आणि चीर पुन्हा उघडते. त्यामुळे मळ मऊ राहायला हवा आणि स्नायू सैल पडायला हवा. एकच साधून भागत नाही.

मळ मऊ ठेवायला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू (फायबर) लागतात. ज्वारीची भाकरी, सालासकट डाळी, पालेभाज्या, पेरू, पपई यांतून ते मिळतात. मात्र हळूहळू वाढवा, नाहीतर पोट फुगतं. रात्री एक मोठा चमचा इसबगोल २५० मिली पाण्यात ढवळून लगेच प्या, वर आणखी एक ग्लास पाणी घ्या. कोरडा किंवा घोटभर पाण्यासोबत घेतलेला इसबगोल उलट अडकून बसतो. तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर मळ मऊ करणारं लॅक्ट्युलोज हे औषध देतात. शौचाला लागली की लगेच जा, कुंथू नका. कमोड असेल तर पायाखाली छोटा पाट घ्या. मोबाइल बाहेर ठेवा.

शौचानंतर आणि झोपण्यापूर्वी टबात कोमट पाणी घेऊन १० ते १५ मिनिटं बसा. पाणी कोपराला सोसेल इतपतच गरम हवं. त्यात डेटॉल टाकू नका, जखम आणखी चुरचुरते. नंतर न घासता टिपून घ्या.

स्नायू सैल करायला डॉक्टर बहुधा २ टक्के डिल्टियाझेमचं मलम देतात. मटारच्या दाण्याएवढं, दिवसातून दोनदा, कडेला आणि जरासं आत लावायचं. ६ ते ८ आठवडे. दुखणं त्याआधीच थांबतं, लोक तिथेच मलम सोडतात आणि महिन्याभरात परत येतात. कधी त्याऐवजी नायट्रोग्लिसरीनचं मलम देतात. त्याने डोकं दुखतं, चक्करही येऊ शकते, म्हणून ते बसून लावावं. सिल्डेनाफिलसारख्या (व्हायाग्रा) गोळ्या घेणाऱ्याने ते मुळीच वापरू नये, रक्तदाब धोकादायक उतरतो. नुसतं बधिर करणारं मलम कळ कमी करतं, स्नायूला हात लावत नाही.

६ ते ८ आठवडे उलटूनही चीर तशीच असेल, बाहेर कातडीचा कोंब आला असेल, तर ती जुनी झाली. मग स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन किंवा स्नायूचा थोडा भाग कापायची छोटी शस्त्रक्रिया. तिने बहुतेकांची चीर भरते. काहींना वायू रोखणं अवघड जातं, हे आधी विचारून घ्यावं, विशेषतः बाळंतपणात तिथे इजा झालेल्या बाईने.

चीर मध्यरेषेऐवजी बाजूला असेल, पू किंवा ताप असेल, वजन घटत असेल, तर घरी वेळ काढू नका. क्रोन्स (आतड्याच्या सुजेचा जुनाट आजार), क्षयरोग किंवा कर्करोगही असू शकतो.